दादासाठी निवडलेला खेळ

शिर्डीत मंदिरामागच्या एका गल्लीत, हारफुलांच्या आणि प्रसादाच्या दुकानांच्या रांगेत, आमच्या मालकांनी एक गाळा भाड्याने घेतला होता. आत एक कॉम्प्युटर, एक फिरती खुर्ची आणि एक हेल्मेट. हे हेल्मेट मोटारसायकलवाल्यांचं नव्हे. आत डोळ्यांसमोर दोन छोटे पडदे, कानाशी स्पीकर आणि मागून निघालेली जाडजूड वायर. ते डोक्यावर चढवलं की समोर कॉम्प्युटरमधला खेळ दिसायचा, आणि मान जिकडे वळवाल तिकडचं चित्र पुढे यायचं. मालकांनी ते मुंबईहून कुणाकडून तरी जुनं उचलून आणलं होतं. नव्वदचं दशक संपत आलं होतं, पण आमच्या जिल्ह्यात तोवर बहुतेकांनी साधा कॉम्प्युटरही जवळून बघितलेला नव्हता.

मी तेव्हा तेवीस वर्षांची होते. नगरला कॉम्प्युटरचा डिप्लोमा केलेला. पण मालकांनी मला कामाला ठेवलं ते त्या डिप्लोम्यासाठी नाही. दर्शनाला आलेल्या बायका परक्या पुरुषाला आपल्या डोक्याला हात लावू देत नसत. अंबाडा सोडायचा, हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली आवळायचा, घाबरल्या तर खांदा धरायचा. हे बाईनेच करायचं काम होतं.

पहिल्याच आठवड्यात मालकांनी सीडींनी भरलेली एक पिशवी टेबलावर ओतली. म्हणाले, "यातले कोणते खेळ यावर बरे चालतात ते तू बघ. गिऱ्हाईक हसत बाहेर पडलं पाहिजे, ओकत नाही."

ते थट्टा करत नव्हते. आदल्याच दिवशी एक धडधाकट माणूस गाडीच्या शर्यतीचा खेळ खेळून उठला आणि दोन पावलांवर शेजारच्या फुलवालीच्या टोपलीत ओकला होता. तिने अख्खी गल्ली डोक्यावर घेतली.

मग दुपारच्या आरतीला गर्दी मंदिराकडे वळली की मी एकेक खेळ स्वतः घालून बघायचे. हळूहळू कळत गेलं. पडदे बारीक जाळीतून बघावं तसे दिसायचे, त्यामुळे ज्यात अक्षरं वाचावी लागतात तो खेळ बाद. हेल्मेट घातल्यावर कीबोर्ड दिसत नाही, म्हणून खूप बटणं लागणारेही बाद. बोळातून पळत बंदुका चालवायचे खेळ सगळ्यात वाईट. शरीर खुर्चीत आणि डोळे पळत सुटलेले, पाच मिनिटांत मळमळायला लागायचं. त्यातल्या त्यात बरा निघाला तो विमानाचा. त्यात आपण केबिनमध्ये बसलेलो असतो, खिडकीची चौकट डोळ्यांसमोर हलत नाही, आणि काहीतरी एका जागी स्थिर असलं की डोकं गरगरत नाही. गाडीच्या शर्यतीपुढे मी वहीत लाल फुली मारली.

घरी मात्र वेगळंच चाललं होतं.

माझा भाऊ माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. पाथर्डी ते नगर वडापची जीप चालवायचा; एसटी चुकलेली माणसं आत, मागे आणि टपावर भरून न्यायचा. वडील गेल्यावर माझं शिक्षण त्यानेच केलं. वर्षापूर्वी बाजारच्या दिवशी घाट उतरताना त्याची जीप वळणावर उलटली. एक म्हातारी आणि दोन लेकरांचा बाप असलेला एक माणूस जागीच गेले. दादा वाचला, पण छातीच्या खालचं शरीर गेलं. हात तेवढे राहिले.

दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर त्याने जबाब दिला, "ब्रेक लागला न्हाई." दोनच दिवसांपूर्वी जीपच्या ब्रेकचं काम झालं होतं. त्यामुळे सगळा राग ते काम करणाऱ्या पाथर्डीच्या मेस्त्रीवर निघाला. मेलेल्या माणसाच्या गावची पोरं टेम्पो भरून आली आणि त्याचं गॅरेज फोडून गेली. पोलिसांनी त्याला दोन-तीनदा नेऊन बसवलं. मग त्याच्याकडे कुणी गाडी नेईना. आम्हीही त्याला कमी शिव्याशाप दिले नाहीत. आई तर सकाळी बुद्धवंदना झाली की त्याच तोंडाने त्याचं वाटोळं मागायची.

शिर्डीजवळ दवाखाना बरा म्हणून आई दादाला घेऊन माझ्या खोलीवर आली. पत्र्याची एक खोली, खिडकीशी त्याची खाट. पाठीला आणि कमरेला झोपून झोपून जखमा झालेल्या. आम्ही दोघी दर दोन तासांनी त्याला कुशीवर वळवायचो. डॉक्टरांनी बजावलं होतं, "भरवताना बसवून भरवा. याच्या खोकल्यात जोर राहिलेला नाही. काही श्वासनळीत गेलं तर ते बाहेर काढायची ताकद याच्यात नाही." दादा बोलायचाच नाही. जेव म्हटलं तर दोन घास, नको म्हटलं तर तेही नाही.

पावसाळ्यात गाळा गळायला लागला. गर्दीही आटली होती. एकदा हेल्मेट घालून बघितलेला माणूस पुन्हा येत नव्हता. मालक म्हणाले, "छत दुरुस्त होईपर्यंत मशीन तुझ्या खोलीवर ने. तिकडेच बाकीचे खेळ बघून ठेव." रिक्षातून ते सगळं धूड मी घरी आणलं आणि दादाच्या खाटेशेजारी स्टुलावर मांडलं.

दोन दिवस तो नुसता बघत होता. मी हेल्मेट घालून मान वळवतेय, हातवारे करतेय, हे बघून तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, "काय दिसतंय त्याच्यात?"

किती दिवसांनी त्याने आपणहून काही विचारलं होतं. मी घाईघाईने हाताला लागला तो बोळातला खेळ लावला आणि हेल्मेट त्याच्या डोक्यावर चढवलं. तो उताणा पडलेला होता. त्या यंत्राला त्याची मान वर आहे एवढंच कळत होतं.

"काय दिसतंय?"

"छत," दादा म्हणाला. "छत तर मला रोजच दिसतंय. त्याला ह्ये डोक्याव कशाला?"

मग आम्ही त्याला बसवलं. पाठीशी गोधड्यांची वळकटी, छातीभोवती आईचं जुनं लुगडं गुंडाळून खाटेच्या गजांना बांधलं. जखमांमुळे पंधरा-वीस मिनिटांच्या वर तसं ठेवता येत नव्हतं. मी विमानाचा खेळ लावला आणि त्याच्या हातात दांडा दिला. त्याने दोन-चार वळणं घेतली, खाली हिरवे-तपकिरी तुकडे बघितले आणि म्हणाला, "हवंत काय चालवायचं? रस्ता न्हाई, खड्डा न्हाई. गाडीचा न्हाई का?"

"नाही," मी म्हणाले.

चार दिवस मी हे खोटं रेटलं. होड्यांचा खेळ दिला, पक्ष्याचा दिला. त्याला एकही पटेना. मग एकदा मी तोंड धुवायला गेले असताना त्याने हात लांबवून सीडींचा ढीग चाळला. परत आले तर एक डबी त्याच्या छातीवर होती. तिच्यावर लाल गाडीचं चित्र.

"ह्ये काय हाय मंग?"

"तो हेल्मेटमध्ये नीट चालत नाही, दादा. लोकांना ओकाऱ्या होतात."

"लोकान्ला चालवता येत न्हाई म्हनून व्हत्यात."

मी डॉक्टरांचं बोलणं काढलं. त्याने भिंतीकडे तोंड केलं आणि रात्री जेवला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आई मला बाजूला घेऊन म्हणाली, "दी की त्याला. येवड्या दिसांनी कशात तरी जीव आलाय त्याचा. तू हायस की शेजारी."

मी दिला.

त्या खेळात डोंगरातला रस्ता होता. एका बाजूला कडा, एका बाजूला दरी. वेळ संपायच्या आत खाली पोहोचायचं. दांडा पुढे रेटला की वेग, मागे ओढला की ब्रेक. हेल्मेटात त्याला दिसायचं तेच मला कॉम्प्युटरच्या पडद्यावर दिसत होतं. मी हातात टमरेल धरून बसले होते. पण दादाने गाडी अशी चालवली की मला नवल वाटलं. सावकाश. प्रत्येक वळणाआधी ब्रेक, वळण संपलं की थोडा वेग. बाकीच्या गाड्या शेजारून सुसाट जात होत्या, तो त्यांना वाट देत होता. अर्ध्या रस्त्यातच वेळ संपला आणि खेळ थांबला. त्याला मळमळलंसुद्धा नाही.

"बघितलंस?" त्याने हेल्मेट काढता काढता विचारलं. त्याचं कपाळ घामाने डबडबलं होतं.

त्या दिवशी तो दीड भाकरी जेवला. मी वहीत लाल फुलीच्या शेजारी लिहिलं, हळू चालवल्यास त्रास नाही.

मग रोज सकाळी, लाईट असेल तेव्हा, पंधरा मिनिटं त्याची गाडी. दोन आठवडे आमच्या खोलीत माणसांच्या घरासारखं वातावरण होतं. आई त्याची दाढी करायची. तो मला क्लच, गिअर समजावून सांगायचा, जणू मला दुसऱ्या दिवशी जीप काढायची होती.

एकदा त्याने रस्त्याच्या मध्येच गाडी उभी केली. मला वाटलं दमला. पण तो मान वळवू लागला, डावीकडे, आणखी डावीकडे, लुगड्याची गाठ ताणली जाईपर्यंत. पडद्यावर गाडीचं दार सरकलं, मग मागची सीट आली. काळी, रिकामी. तो बराच वेळ तिकडेच बघत राहिला.

"दादा, काय झालं?"

"मागं कुनी न्हाई गं," तो म्हणाला.

मी हेल्मेट काढलं. त्याचे डोळे कोरडे होते. त्या वेळी खेळ बंद करायला हवा होता, हे मला आज कळतं. तेव्हा मला वाटलं, आतलं काही बाहेर येतंय, येऊ दे.

त्यानंतर तीन-चार दिवसांनी तो म्हणाला, "तायडे, एकदा ब्रेक न मारता बघू का?"

"नाही. तसं केलंस तर मी मशीन परत देऊन येईन."

"बरं बरं," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी नेहमीसारखं त्याला बसवलं, बांधलं, खेळ लावला. पाच-सात मिनिटं तो नेहमीसारखाच चालवत होता. तेवढ्यात बाहेर नळाला पाणी आलं. आई दवाखान्यात त्याच्या पट्ट्या आणायला गेली होती. नळ अर्धा तासच चालायचा. मी म्हणाले, "दोन हंडे भरून आले," आणि गेले.

दुसरा हंडा अर्धा झाला असेल. आतून घशात अडकल्यासारखा, घरघर आवाज आला. मी हंडा तसाच सोडून पळाले. दादाचं डोकं हेल्मेटच्या वजनाने पुढे कलंडलं होतं. सकाळी प्यालेली पेज ओकून त्याची छाती भरलेली, तोंड निळं पडलेलं. तो खोकायचा प्रयत्न करत होता आणि खोकला येत नव्हता. मी पट्टा सोडला, लुगड्याची गाठ सुटेना म्हणून विळीने कापली, त्याला कुशीवर पाडलं, तोंडात बोटं घातली, पाठीत बुक्क्या मारल्या. शेजारचे धावत आले. पडद्यावर ती लाल गाडी दरीत कोलांट्या खात होती, थांबत होती, आणि पुन्हा रस्त्यावर येऊन उभी राहत होती.

दवाखान्यात त्यांनी नळी घालून छाती साफ केली. पण पोटातलं फुप्फुसात गेलं होतं. तिसऱ्या दिवशी ताप चढला.

सहाव्या दिवशी आई खाली चहाला गेली असताना दादाने मला खुणेने जवळ बोलावलं. ऑक्सिजनचा मास्क त्याने स्वतःच बाजूला केला. त्याचं बोलणं तुटत तुटत येत होतं.

"म्होरं दुसरी जीप हुती. खाली फाट्याव बाजारची मानसं हुबी आस्त्यात. म्हनलं, आदी आपुन जावं."

मी म्हणाले, "दादा, बोलू नको."

"ब्रेक चांगला हुता, तायडे. मी मारलाच न्हाई. वाटलं, निघंल वळन."

मी त्याचा हात धरला.

"त्या मशीनीत त्येच बघत हुतो. न मारता निघतंय का." त्याने श्वास घेतला. "न्हाई निघत. कितींदा बघितलं. न्हाई निघत."

आई आली तेव्हा मी मास्क पुन्हा त्याच्या तोंडावर ठेवला होता. त्यानंतर तो आमच्याशी बोलला नाही. नवव्या दिवशी सकाळी गेला. डॉक्टर म्हणाले, अशा पेशंटचं छातीवरच जातं; आज नाहीतर सहा महिन्यांनी हेच झालं असतं. हे त्यांनी मला धीर यावा म्हणून म्हटलं का ते खरंच तसं होतं, हे मी आजवर ठरवू शकलेले नाही. कोणता खेळ त्रास देतो, कोणता देत नाही, हे त्या वेळी अख्ख्या शिर्डीत माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. आणि तो खेळ मीच लावून दिला होता.

गावी जलदान विधी झाला. माणसं आली, भिक्खूंनी त्रिशरण-पंचशील दिलं. जेवणं झाल्यावर मंडपात पुन्हा तोच विषय निघाला. कुणी म्हणालं, "त्या मेस्त्रीनं दोघांचा न्हाई, तिघांचा जीव घेतला." आईने पदर डोळ्यांना लावला आणि मान हलवली. मी उठून घरात गेले. पंचशीलातलं चौथं शील मीही त्या सकाळी सगळ्यांबरोबर म्हटलं होतं. खोटं बोलण्यापासून दूर राहीन.

दुसऱ्या दिवशी मी एसटीने पाथर्डीला गेले. गॅरेजच्या जागी आता दुसऱ्याचं खताचं दुकान होतं. मेस्त्री बसस्टँडच्या कुंपणालगत पंक्चर काढत बसलेले सापडले. पन्नाशीचा माणूस, पायाशी पाण्याची घमेली. मी कोण ते सांगितल्यावर त्यांनी हातातली ट्यूब खाली ठेवली. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. दुसरी जीप, फाटा, न मारलेला ब्रेक.

मी थांबल्यावर ते म्हणाले, "तुज्या भावानं योक शबुद बोलला, तर समद्या तालुक्यानं आयकला. आता माजं कोन आयकंल?"

"मी लिहून देते," मी म्हणाले.

वहीचा कागद फाडून तिथेच लिहिलं, खाली सही केली. त्यांनी तो कागद वाचला नाही. त्यांना वाचता येत होतं की नाही, मला माहीत नाही. चौपदरी घडी करून खिशात ठेवला. तसाच दुसरा कागद घेऊन मी पोलीस ठाण्यात गेले. तिथले हवालदार तो वाचून म्हणाले, "ज्याच्यावर केस तो मेला. फाईल बंद झाली, बाई. कशाला उकरता?" कागद त्यांनी ठेवून घेतला. त्याचं पुढे काय झालं मला कळलं नाही. मेलेल्या दोघांच्या घरीही जायचं असं मी ठरवलं होतं. म्हातारीच्या घरी गेले. तिच्या सुनेने ऐकून घेतलं आणि दार लावलं. दुसऱ्या घरी, त्या दोन लेकरांच्या आईकडे, मी गेले नाही. ऊसतोडीला ती बाहेर गेलीय असं कुणीतरी सांगितलं, आणि मला सुटल्यासारखं वाटलं.

आईला हे आठ दिवसांत कळलं. ती ओरडली नाही. "मेलेल्या लेकराच्या तोंडाला काळं फासलंस," एवढंच म्हणाली. माझ्याबरोबर शिर्डीला परत आली नाही. पुढे मी पैसे पाठवले की ती घ्यायची, गेले की जेवायला वाढायची. पण दादाचं नाव माझ्यासमोर तिने पुन्हा काढलं नाही.

मालकांनी ते यंत्र दिवाळीनंतर औरंगाबादच्या एका माणसाला विकलं. मी वर्षभराने नगरला एका क्लासमध्ये शिकवायला लागले.

त्यानंतर तीन-चार वर्षांनी नगरच्या मार्केटयार्डाबाहेर ट्रक दुरुस्तीच्या एका शेडवर मला ते मेस्त्री दिसले. दुसऱ्याच्या हाताखाली काम करत होते. ट्रकखालून बाहेर आले, मला ओळखलं. मी थांबले. वाटलं, काही बोलतील, त्या कागदाचं काही सांगतील. त्यांनी चिंधीला हात पुसले.

"आई बरी हाय का?" त्यांनी विचारलं.

"बरी आहे," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली आणि पुन्हा ट्रकखाली शिरले.